वजा तेराची केळी

"ताई, हे रीफर म्हणजे नेमकं कोण? सगळे म्हणून राह्यले, रीफर बुधवारी येणार, रीफर शनिवारी निघणार. माणूस भरवशाचा आहे ना?"

फैजपूरचे वासुदेव नाना आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हसू दाबलं आणि सांगितलं, "नाना, रीफर म्हणजे थंड डबा. चाळीस फूट लांबीचा लोखंडी डबा, त्याच्या तोंडाशी थंडाव्याचं यंत्र. तुमची केळी त्यात बसून दुबईला जाणार."

"असं होय," नाना म्हणाले. "मंग त्याले डबाच म्हणू."

त्या दिवसापासून आमच्यात त्याचं नाव डबा पडलं ते पडलंच.

मी शैला. पिंप्राळ्याला राहते. जळगावातल्या एका छोट्या ऑफिसात मी माल परदेशी पाठवायची कागदपत्रं तयार करत होते, तेवीस वर्षं. आता निवृत्त आहे. नातेवाइकांना माझं काम कधीच नीट कळलं नाही. माझ्या नणंदेच्या समजुतीप्रमाणे मी कस्टममध्ये होते, आणि शेजारच्या काकू मला अजून "जहाजवाल्या बाई" म्हणतात. प्रत्यक्षात मी एका खोलीत, एका कॉम्प्युटरपुढे बसून दुसऱ्यांच्या मालाला कागदावर चालवत समुद्रापर्यंत नेत होते. शेतकऱ्याचा माल ट्रकमधून जातो, पण कागद त्याच्या पुढे पोचलेला असावा लागतो. कागद अडला की माल अडतो, मग तो कितीही उत्तम असो.

आमचे मालक युसूफभाई. त्यांचे वडील केळीच्या रेल्वे वॅगनी भरायचे, दिल्लीकडे पाठवायचे. युसूफभाई वॅगनवरून डब्यावर आले. मोजकं बोलणारा माणूस. कागदावर सही करण्याआधी चष्मा पुसायचे, ही त्यांची सवय. मला ते शैलाताई म्हणत, मी त्यांना युसूफभाई.

या धंद्यातले शब्द बाहेरच्या माणसाला उगाच घाबरवतात. मी ते इथल्या गोष्टींवरून समजावून सांगायची. एक डबा पूर्ण एकाच मालकाचा असेल तर ती झाली स्पेशल जीप. थोडा माल तुमचा, थोडा आणखी कुणाचा असेल तर ती काळी-पिवळी, सीट भरली की निघणार. दोंडाईच्याच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याला काळी-पिवळीच हवी होती, कारण त्याच्याकडे माल थोडा. मी त्याला दोनदा बजावलं होतं की पोत्यांवर प्लास्टिकचं आवरण दोन थरांचं घाला. त्याने एक थर घातला. त्याच डब्यात शेजारी कुणाच्या तरी चादरी होत्या. पंधरा दिवसांनी त्या चादरीवाल्याचा मला फोन. तिकडचं गिऱ्हाईक म्हणे गठ्ठा उघडतं आणि शिंकतं, पुन्हा उघडतं, पुन्हा शिंकतं. चादरी धुऊन विकल्या गेल्या, पण त्यानंतर मिरचीला मी नेहमी स्पेशल जीपच सुचवली.

नानांची गोष्ट मात्र वेगळी. नाना आणि त्यांच्या आसपासचे अकरा शेतकरी यांनी मिळून गट केला होता. त्यांची केळी आजवर व्यापाऱ्यामार्फत जात होती. या वेळी पहिल्यांदा स्वतःच्या नावाने परदेशी जाणार होती. नाना गटाचे अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत गटाचा रबरी शिक्का कायम असायचा. तो त्यांनी स्वतः जळगावात बसून बनवून घेतला होता आणि कुणाच्याही हाती देत नसत.

महिनाभर नाना आठवड्यातून एकदा यायचे आणि मला एकेक शब्द विचारायचे.

"स्टफिंग म्हणजे?"

"डबा भरणं."

"भरीत केल्यावानी नाव आहे."

"सील म्हणजे?"

"दाराला लावायचा लोखंडी खिळा. त्यावर नंबर असतो. एकदा ठोकला की कापल्याशिवाय निघत नाही. तो नंबर कागदावर आणि दारावर एकच असला पाहिजे."

सगळ्यात जास्त ते हसले ते जहाजाच्या मुख्य कागदावर. माल जहाजावर चढला याची ती पावती, आणि ज्याच्या हाती ती त्याचा माल. तिच्यावर जहाज कंपनी एक वाक्य छापते, त्याचा अर्थ असा की, डब्यात अमुक माल आहे असं आम्हाला सांगण्यात आलं आहे. आम्ही काही उघडून पाहिलेलं नाही.

नाना म्हणाले, "म्हणजे स्थळाच्या कागदावर पोरीच्या बापाने सांगितलं तेवढंच लिव्हलं. हुशार लोक हायेत!"

शेवटचा महत्त्वाचा शब्द कट-ऑफ. बंदराच्या फाटकातून डबा आत जायची शेवटची वेळ. आपला डबा त्या वेळेनंतर पोचला तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. नानांच्या डब्याची कट-ऑफ रविवारी दुपारची होती. डबा शनिवारी सकाळी फैजपूरहून भरून निघायचा, धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याला लागायचा आणि रविवारी सकाळी बंदरात. वेळ पुरेसा होता.

शनिवारी सकाळी मीही फैजपूरला गेले. पॅकहाऊसमध्ये हिरवी केळी धुऊन, पुसून, खोक्यांत बसवून आदल्या दिवसापासून थंड करून ठेवली होती. केळ्याचं एक असतं, त्याला थंडी मोजूनमापून लागते. तेरा अंशांच्या आसपास ते शांत झोपतं. त्याच्याखाली बरंच गेलं की साल काळवंडते आणि मग ते फळ कधीच धड पिकत नाही. शून्याखाली गेलं तर विचारूच नका.

ट्रेलर घेऊन आले होते इस्माईलभाई, धुळ्याचे. वीस-बावीस वर्षं थंड डबे ओढणारा माणूस. केळी, द्राक्षं, मटार, मासे, सगळं नेलेलं. त्यांनी डबा पॅकहाऊसच्या दाराला लावला आणि सहज म्हणाले, "ताई, यंत्राच्या पडद्यावर वजा तेरा लावलेलं व्हतं. मी ते सीधं करीसन तेरा करी दिन्हं. मागला खेपले मासा ग्या व्हतीन."

मी म्हणाले, "बरं केलंत." आणि खोकी मोजायला वळले. त्या वाक्याकडे मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं. ते मी दिलं नाही.

दहापर्यंत डबा भरला. अकरा जणांनी दाराला हात लावून पाहिला. कुणीतरी नारळ फोडला. नानांनी सील स्वतः ठोकलं आणि मग अचानक ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले.

"नाना, कुठे?"

"धुळ्यालोक. बहीण आहे माही तिथं. जल्मभर माल भरला, मालासंगं कधी गेलो नाही. आज जातो."

ट्रेलर निघाला. मी जळगावला परतले. ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि युसूफभाई. जेवणाचा डबा उघडून जेवता जेवता मी जहाजाच्या पावतीसाठीची माहिती भरायला घेतली. त्यासाठी बुकिंगचा कागद समोर ठेवला. बुकिंग म्हणजे जहाजावर आपल्या डब्यासाठी जागा राखून ठेवणं. त्यात माल कोणता, डबा कोणता, तापमान किती, हे सगळं आपण लिहून पाठवायचं आणि कंपनी ते पक्कं करून परत पाठवते.

कंपनीच्या पक्क्या कागदावर तापमानाच्या रकान्यात लिहिलं होतं, वजा तेरा.

घास हातातच राहिला. इस्माईलभाईंचं सकाळचं वाक्य आठवलं. मागच्या खेपेचा मासा वगैरे काही नव्हतं. तो डबा मुळातच वजा तेरावर लावून पाठवला होता, कारण कागद तसं सांगत होता. मी घाईघाईने मीच पाठवलेला अर्ज काढला. त्यात मी टाईप केलं होतं, तापमान, मग एक आडवी रेघ, मग तेरा. वर्षानुवर्षं मी तसंच टाईप करत आले होते. नाव, रेघ, नाव. पत्ता, रेघ, पत्ता. तापमान, रेघ, तेरा. आजवर वाचणाऱ्याने ती रेघ रेघ म्हणूनच वाचली. या वेळी ती वजाबाकी झाली.

आता यात काय धोका, ते सांगते. रस्त्यात डब्याचं यंत्र इस्माईलभाईंच्या ताब्यात, तिथे तेरा होतं. पण बंदरात डबा आत गेला की तिथले लोक यंत्राचा आकडा कागदाशी ताडून पाहतात. कागदावर वजा तेरा असेल तर ते आपलं काम चोख करणार आणि वजा तेरा लावणार. बारा शेतकऱ्यांची केळी दगडासारखी गोठून दुबईला पोचणार आणि तिथे दार उघडल्यावर काळा चिखल होणार.

युसूफभाईंनी माझा चेहरा पाहिला. "काय झालं, शैलाताई?"

मी म्हणाले, "कंपनीवाल्यांनी तापमान चुकीचं वाचलंय."

हे वाक्य मी का बोलले, याची मला अजून लाज वाटते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. युसूफभाई चिडले. असे ते क्वचित चिडत. त्यांनी लगेच फोन उचलला आणि मुंबईच्या ऑफिसचा नंबर फिरवायला लागले. "एवढा साधा आकडा वाचता येत नाही का यांना?"

पलीकडे घंटी वाजायला लागली तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "थांबा युसूफभाई. रेघ माझी आहे. मीच तशी टाईप केली."

त्यांनी फोन खाली ठेवला. अर्ज हातात घेतला. चष्मा पुसला. मग म्हणाले, "खाली सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग रेघ दोघांची. आता फोन तुम्ही करा. तुम्हाला त्यांची भाषा जास्त येते."

मुंबईच्या त्या ऑफिसात तापमानाच्या कामावर एक बाई होत्या. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पण त्यांचा आवाज मी दहा वर्षं ओळखत होते आणि चेहरा कधी पाहिला नव्हता. मी त्यांना सरळ सांगितलं की चूक माझी आहे, केळी आहेत, अधिक तेरा हवं.

त्या म्हणाल्या, "मॅडम, थंड मालाचं तापमान मी तोंडी बदलू शकत नाही. माल पाठवणाऱ्याचं पत्र लागेल. सही आणि शिक्का. हाताने लिहिलेलं चालेल, फोटो पाठवला तरी चालेल, पण सही-शिक्का स्पष्ट हवा. आज शनिवार. पाचला आमचं ऑफिस बंद. मग थेट सोमवारी."

सोमवारी जहाज समुद्रात असणार होतं.

पावणेदोन वाजले होते. सहीचा माणूस ट्रेलरमध्ये बसून धुळ्याकडे चालला होता आणि शिक्का त्याच्या पिशवीत. नानांचा फोन लावला, बंद. त्यांचा फोन दुपारपर्यंत नेहमी संपलेला असायचा. इस्माईलभाईंचा लावला, वाजत राहिला. गाडी चालवताना ते फोन कधीच उचलत नाहीत, आणि इतर वेळी मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं!

मग आठवलं, इस्माईलभाई धुळ्यातून जाताना दर खेपेला घरी जेवून जातात. घर हायवेपासून जवळ, ट्रेलर कडेला लावून पायी जाण्याइतकं. घरचा नंबर माझ्या वहीत होता. फोन त्यांच्या मुलीने उचलला. शमा तिचं नाव, धुळ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला.

"अब्बू अजून आले नाहीत, ताई. तीनपर्यंत येतील. अम्मीने खिचडी टाकली आहे."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ते आले की आधी पत्र, मग जेवण. कोरा कागद आहे माझ्याकडे. तुम्ही सांगा, मी इंग्रजीत लिहून तयार ठेवते. नानांनी फक्त सही करायची."

मी एकेक शब्द सांगत गेले, ती लिहीत गेली. तापमानाशी आलो तेव्हा मी म्हणाले, "इथे आकडा नको. अक्षरात लिही. अधिक तेरा. आणि शेजारी रेघ, टिंब, काहीही काढू नकोस."

ती हसली. "ताई, मी तर रकानाच नाही काढलेला."

तीन वाजले. सव्वातीन. माझा चहा दोनदा थंड झाला. युसूफभाई खुर्चीत बसून होते, वर्तमानपत्र हातात, पान उलटत नव्हते. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी शमाचा फोन. "आले. दोघंही आले. नानांना देते."

आता मला नानांना सांगायचं होतं. माझ्या मनात एक सोपी वाट आली होती. सांगावं की एक नेहमीचा कागद राहिला आहे, सही करा. नानांनी डोळे मिटून सही केली असती. पण दुपारी एकदा अर्धवट खरं बोलून झालं होतं, तेवढं पुरे होतं.

"नाना, माझ्याकडून चूक झाली. अर्जात मी एक रेघ टाकली आणि कंपनीने ती वजा धरली. आत्ता दुरुस्त झालं नाही तर तुमची सगळी केळी बंदरात गोठतील."

मागे ताटांचा आवाज. मग नाना म्हणाले, "आत्ता केयी कशी हायेत?"

"आत्ता चांगली आहेत. इस्माईलभाईंनी सकाळीच तेरा लावलं होतं."

"मंग रडू नको. सही कुठं करू ते सांग."

मी रडत नव्हते, असं मला वाटत होतं.

सही झाली. शिक्क्याची डबी उघडली तर शाई पूर्ण वाळलेली. नानांनी तो शिक्का इतका जपून ठेवला होता की वापरलाच नव्हता. फोनवर मला सगळं ऐकू येत होतं. इस्माईलभाई म्हणत होते, "शेजारना दुकानले शाई भेटी का देखस." शमा म्हणाली, "अब्बू, दुकान आता बंद असतं, चारनंतर उघडतं." मग तिची आई आतून कपड्यांना घालायच्या निळीची बाटली घेऊन आली. डबीवर दोन थेंब निळीचे, शिक्का दाबला, आणि कागदावर उमटला तो आभाळासारखा स्वच्छ निळा.

फोटो आला. मी तो मुंबईला पाठवला आणि लगेच फोन केला. त्या बाईंनी पत्र वाचलं. "शिक्का फार सुंदर आहे," म्हणाल्या. मी त्यांना निळीचं सांगितलं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना बुकिंगचा नवा कागद आला. तापमानाच्या रकान्यात अधिकचं चिन्ह, मग तेरा. मी तो युसूफभाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी या वेळी चष्मा दोनदा पुसला. धुळ्याला फोन लावला तर मागे ताटं मांडण्याचा गलका. इस्माईलभाई म्हणाले, "बठ्ठं बराबर शे ना ताई? मंग आमी खिचडी खातस." नाना बहिणीकडे जायचं विसरून त्यांच्याच ताटाला बसले होते. तिला ही बातमी संध्याकाळी कळली तेव्हा ती भावावर रागावली, असं ऐकलं.

रविवारी सकाळी डबा फाटकातून आत गेला. सोमवारी जहाज निघालं. पुढचे पाच दिवस मला झोप धड लागली असं म्हणणार नाही. सहाव्या दिवशी तिकडच्या व्यापाऱ्याने फोटो पाठवला. दार उघडलेलं, खोकी एकावर एक, आणि समोरच्या खोक्यातली केळी फैजपूरला पाहिली होती तशीच हिरवीगार. मी तो फोटो नानांना पाठवला. त्यांचा फोन बंद होता. शेवटी त्यांच्या सुनेच्या फोनवर पाठवला.

त्या प्रसंगानंतर आमच्या ऑफिसात तापमान अक्षरात लिहायची पद्धत सुरू झाली आणि कुठल्याही आकड्याच्या आधी रेघ काढणं मी कायमचं सोडलं. वाण्याकडच्या सामानाच्या यादीतसुद्धा नाही. शमा परीक्षा झाल्यावर वर्षभर आमच्याकडे काम शिकायला होती. आता ती नाशकात एका मोठ्या ऑफिसात हेच काम करते, आणि फोन केला की आधी माझ्या कागदातल्या चुकांची आठवण करून देते.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी नाना घरी आले. गट आता मोठा झाला होता, नवीन शेतकरी आले होते, आणि त्यांना हे सगळे शब्द कुणीतरी शिकवायला हवे होते. मी म्हणाले, "नाना, युसूफभाईंना बोलवा, ते जास्त जाणतात." नाना ऐकेनात.

फैजपूरला पॅकहाऊसच्या ओट्यावर चाळीसेक शेतकरी बसले होते. सुरुवात मी माझ्या रेघेपासूनच केली. सगळं सांगितलं, युसूफभाईंना पहिल्यांदा जे बोलले तेही. लोक निळीपाशी खूप हसले.

तेवढ्यात मागून एक आजोबा उठले. "बाई, तुमची चूक कोणाले माहीत नव्हती. केयी बी चांगली पोचली. मंग आम्हाले कशाले सांगून राह्यल्या?"

नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "तू बस खाली. म्हणूनच तर हिले बोलावलं."

आणि मग माझ्याकडे वळून, "हां, सांग पोरी. रीफर म्हणजे काय?"

मी सांगायला लागले.